यंत्राच्या उत्तराचे रूप

संगणकाशी व्यवहार करण्याचे दोन मार्ग आज प्रचलित आहेत. पहिला चित्रांचा. पडद्यावरील एखाद्या चिन्हावर बोट टेकवावे आणि काम व्हावे. दुसरा अक्षरांचा. एका ओळीत आज्ञा लिहावी आणि यंत्राने तिचे उत्तर अक्षरांतच द्यावे. ह्या दुसऱ्या मार्गाला कमांड लाइन असे नाव आहे. सामान्य माणसाच्या दृष्टीस ती क्वचितच पडते. परंतु मोठमोठ्या संगणकांची देखभाल करणारे, प्रोग्राम लिहिणारे आणि शास्त्रीय गणिते करणारे लोक आजही दिवसाचा बराच वेळ तिच्यासमोर घालवितात. त्यांच्या डोळ्यांसमोर येणारे उत्तर सुबक, स्वच्छ आणि चटकन समजणारे कसे करावे, ह्या खटपटीला आता साठ वर्षांचा इतिहास जमा झाला आहे. वरवर पाहता हा सजावटीचा इतिहास वाटतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी एकच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो. तो असा, की हे उत्तर वाचणार कोण?

ह्या इतिहासाचा आरंभ पडद्यावर झालेला नाही. तो कागदावर झाला. १९६३ साली अमेरिकेत टेलिटाइप मॉडेल ३३ नावाचा दूरमुद्रक बाजारात आला. तारायंत्राच्या व्यवसायासाठी बनविलेले हे यंत्र स्वस्त आणि दणकट असल्यामुळे संगणकाला जोडण्यास सोयीचे ठरले. त्यावर फक्त मोठ्या लिपीतील रोमन अक्षरे उमटत, एका ओळीत ७२ अक्षरे मावत आणि वेग सेकंदाला दहा अक्षरांचा असे. म्हणजे पूर्ण भरलेली एक ओळ छापावयास सात सेकंदांहून अधिक वेळ लागे आणि चोवीस ओळींच्या मजकुराला जवळजवळ तीन मिनिटे जात. एवढा वेळ ते यंत्र खडखडत राही आणि समोरचा मनुष्य वाट पाहत बसे.

न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनी १९६९ साली युनिक्स ह्या कार्यप्रणालीची उभारणी सुरू केली, तेव्हा त्यांच्या हाताशी अशीच यंत्रे होती. त्या मंद यंत्रांची छाप युनिक्सवर कायमची उमटली आहे. फाइलींची यादी मागणाऱ्या आज्ञेचे नाव दोन अक्षरांचे, प्रत करण्याच्या आज्ञेचेही दोनच अक्षरांचे. काम यशस्वी झाले तर प्रोग्रामने काहीच बोलू नये आणि बिघाड झाला तरच तोंड उघडावे, असाही शिरस्ता पडला. नवख्या माणसाला हे मौन उर्मटपणाचे वाटते. परंतु शाई, कागद आणि वेळ ह्या तिन्हींची काटकसर करणाऱ्या घरात ते शहाणपणच होते. प्रत्येक अक्षर मोजून टाकावे लागत असल्यामुळे उत्तराच्या रूपाचा विचार तेव्हा ‘काय गाळावे’ एवढ्यापुरताच मर्यादित होता.

१९७३ साली ह्या मौनाला एक नवे कारण मिळाले. डग्लस मॅकिल्रॉय ह्यांनी १९६४ सालापासून एक कल्पना मनात बाळगली होती. बागेतील रबरी नळ्या जशा एकमेकींना जोडता येतात, तसे प्रोग्रामही जोडता यावेत, एकाचे उत्तर थेट दुसऱ्याच्या तोंडी जावे. थॉम्प्सन ह्यांनी ती युनिक्समध्ये प्रत्यक्षात आणली आणि तिला ‘पाइप’ हे नाव रूढ झाले. आता एका प्रोग्रामने दिलेली नावांची यादी दुसरा क्रमाने लावी, तिसरा तीतील पुनरुक्ती काढी, चौथा मोजदाद करी. पुढे १९७८ साली मॅकिल्रॉय ह्यांनी ह्या अनुभवाचे सार मांडले. प्रत्येक प्रोग्रामचे उत्तर हे आज ठाऊक नसलेल्या दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामचे खाद्य होणार आहे असे समजून चालावे, आणि म्हणून त्यात फापटपसारा घालू नये, असे त्यांचे म्हणणे होते. मथळे, आखीव रेघा, आदबशीर प्रस्तावना ह्या सर्व गोष्टी माणसाला रुचल्या तरी पुढच्या यंत्राच्या घशात अडकतात.

हे तत्त्व किती गंभीर आहे ह्याचा प्रत्यय एका मजेदार प्रसंगाने आला. त्या काळी युनिक्सवर चूक दाखविणारे संदेशही मूळ उत्तराच्याच प्रवाहात मिसळून जात. प्रयोगशाळेत मजकूर प्रकाशाच्या साहाय्याने जुळविणारे महागडे यंत्र होते. एखादी फाइल सापडली नाही की तिच्याविषयीची तक्रार पाइपमधून थेट त्या यंत्राकडे जाई. फोटोचा कागद धुऊन काढण्याची वाट पाहावी आणि हाती यावे काय, तर ‘फाइल उघडता येत नाही’ एवढेच वाक्य, सुंदर टायपात जुळविलेले! पहिल्या काही वेळा हसू आले; नंतर मात्र त्याचा कंटाळा आला. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीनंतर, म्हणजे १९७५ च्या पुढे लवकरच, रिची ह्यांनी तक्रारींसाठी स्वतंत्र वाट काढून दिली. यंत्रासाठी एक प्रवाह आणि माणसासाठी दुसरा, असा भेद प्रथमच स्पष्टपणे मान्य झाला. त्या एका निर्णयामागे कागदाची नासाडी तर होतीच. परंतु वाचक दोन प्रकारचे असतात ही जाणीवही होती.

इतक्यात कागदाची जागा काच घेऊ लागली. १९७६ साली एडीएम-३ए आणि १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे व्हीटी१०० अशी टर्मिनले आली. व्हीटी१०० च्या पडद्यावर २४ ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरांची घरे होती. हा ८० चा आकडा १९२८ साली आयबीएमने काढलेल्या ऐंशी स्तंभांच्या भोकांच्या कार्डापासून चालत आला होता. कार्डे गेली, पण त्यांची रुंदी राहिली. पडद्याचा खरा गुण मात्र निराळा होता. कागदावर उमटलेले अक्षर पुसता येत नाही, काचेवरचे येते. एका विशिष्ट सांकेतिक अक्षरापाठोपाठ काही आकडे पाठविले की लिहिण्याची खूण पडद्यावर हव्या त्या जागी जाई, अक्षर ठळक होई, ओळ अधोरेखित होई. ही सांकेतिक भाषा प्रत्येक कारखानदाराची वेगळी होती. तेव्हा कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात बिल जॉय ह्यांनी निरनिराळ्या टर्मिनलांचे गुणधर्म नोंदविणारा एक कोश तयार केला. त्याच विद्यापीठातील केन अर्नोल्ड ह्यांनी त्यावर आधारून पडदा रंगविण्याचे एक साधन रचले. १९७९ साली ह्या संकेतांचे अमेरिकेतील राष्ट्रीय मानकही निश्चित झाले. आता प्रोग्रामला केवळ बोलता येत होते असे नाही, हातवारेही करता येत होते.

हातवारे करता येऊ लागले आणि वादास तोंड फुटले. निमित्त अगदी क्षुल्लक होते. फाइलींची यादी देणारी जुनी आज्ञा एका ओळीवर एक नाव देई. बर्कलीच्या मंडळींनी ती सुधारून नावे अनेक स्तंभांत मांडण्याची सोय केली, कारण पडद्यावर चोवीसच ओळी आणि उजवीकडची सारी जागा रिकामी! परंतु पाइपमधून पुढे जाणारी यादी स्तंभांत गेली तर पुढच्या प्रोग्रामचा घोटाळा होई. म्हणून त्या आज्ञेने उत्तर देण्यापूर्वी एक चौकशी करावी असे ठरले. पलीकडे टर्मिनल आहे काय? असल्यास स्तंभ, नसल्यास एका ओळीवर एक नाव. १९८४ साली रॉब पाइक आणि ब्रायन कर्निघन ह्यांनी एका लेखात ह्या रचनेवर टीका केली. स्तंभ पाडण्याचे काम स्वतंत्र प्रोग्रामकडे द्यावे, म्हणजे त्याचा उपयोग सर्वांनाच होईल; यादी देणाऱ्याने यादीच द्यावी, असा त्यांचा मुद्दा होता. तर्काने पाहता तो बिनतोड होता. व्यवहारात मात्र बर्कलीची तडजोड टिकली. माणसाला एक मुखवटा आणि यंत्राला दुसरा, ही रीत आज बहुतेक सर्व आज्ञा पाळतात.

ह्या तडजोडीचे सर्वांत विचारपूर्वक रूप २००५ साली लिनस टॉरवाल्ड्स ह्यांनी आरंभिलेल्या गिट ह्या साधनात पाहावयास मिळते. प्रोग्रामांच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ह्या साधनाला कामाची सद्यःस्थिती विचारली, तर माणसासाठी ते पुढे काय करावे ह्याच्या सूचनांसह ऐसपैस उत्तर देते. त्याच आज्ञेला एक विशेष शब्द जोडला की तेच उत्तर आखडून येते, आणि हे आखडलेले रूप पुढच्या आवृत्त्यांतही बदलणार नाही असे वचन दिलेले आहे. ह्या वचनामुळे दुहेरी लाभ झाला. यंत्रासाठीचे रूप स्थिर झाले, आणि म्हणूनच माणसासाठीचे रूप निर्धास्तपणे सुधारता आले. ज्यांनी असा करार कधी केला नाही, त्यांना आपल्या उत्तरातील एक शब्द बदलावयाचा तरी भीती वाटते. कारण कोठल्या तरी अज्ञात प्रोग्रामने त्या शब्दावर आपला संसार मांडलेला असतो.

रंगांची कथा ह्याहून गुंतागुंतीची आहे. टर्मिनलांच्या मानक संकेतांत आठ रंगांना ३० ते ३७ हे आकडे दिलेले आहेत. १९९०च्या दशकाच्या मध्यास पीटर आन्विन ह्यांच्या कामामुळे ग्नूच्या फाइलयादीला रंग चढले. फोल्डर निळा, चालविता येणारा प्रोग्राम हिरवा, अशी विभागणी झाली आणि शेकडो नावांतून हवे ते नाव डोळा क्षणात टिपू लागला. गिटने २०१३ साली, म्हणजे जन्मानंतर आठ वर्षांनी, पडद्यावरील रंगीत उत्तर हेच आपले नेहमीचे उत्तर ठरविले. जुनी ओळ लाल आणि नवी ओळ हिरवी, हा संकेत सर्वत्र पसरला.

परंतु रंग निवडणारा पडद्याच्या एका बाजूस असतो आणि पाहणारा दुसऱ्या बाजूस. काळ्या पार्श्वभूमीवरचा गडद निळा रंग अनेकांना वाचताच येत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तीच गत पिवळ्याची होते. लाल आणि हिरवा ह्यांतील भेद ज्यांना जन्मतःच दिसत नाही, अशा माणसांपुढे सारा संकेतच मूक होतो. गिटच्या जुन्या रचनेत मात्र ओळीच्या आरंभी वजा आणि अधिक ही चिन्हे होतीच. रंग नंतर आला, चिन्हे तशीच राहिली. म्हणून रंग न ओळखणाऱ्याचेही तेथे अडत नाही. रंगाने अर्थाला साथ द्यावी, अर्थ एकट्या रंगावर टांगू नये, हा धडा ह्यातून मिळतो. पुढे रंगांचा अतिरेक वाढला, तेव्हा २०१७ साली एक साधा संकेत सुचविला गेला. वापरणाऱ्याने आपल्या परिसरात ‘नो कलर’ अशी नोंद करून ठेवावी आणि ती दिसताच प्रोग्रामने आपण होऊन रंग घालू नयेत. अनेक साधनांनी तो स्वीकारला. साठ वर्षांच्या इतिहासात वाचकाला नकार देण्याचा हक्क असा लेखी मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे.

काम किती झाले हे दाखविणाऱ्या सरकत्या पट्टीचेही असेच आहे. तिची युक्ती दूरमुद्रकाच्या काळातली. कागद वर न सरकविता मुद्रण-शीर्ष ओळीच्या आरंभी आणण्याची जी खूण होती, तीच वापरून तीच ओळ पुनःपुन्हा लिहावयाची. मुकाट वाट पाहणाऱ्या माणसाला पट्टी हलताना दिसली की काम चालू असल्याचा दिलासा मिळतो. पण दिलाशालाही किंमत पडते. एनपीएम ह्या लोकप्रिय साधनात अशी पट्टी आली, आणि २०१६ च्या आरंभी काही वापरणाऱ्यांच्या लक्षात आले, की ती बंद केल्यास तेच काम जवळजवळ निम्म्या वेळात उरकते. पट्टी रंगविण्यातच यंत्राची शक्ती खर्च होत होती; पुढे तिच्यात दुरुस्ती करण्यात आली. अंध माणसाला पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रामपुढेही ही पट्टी अडचण होते. सेकंदात अनेक वेळा बदलणारी ओळ तो पुनःपुन्हा वाचू लागतो आणि ऐकणाऱ्याला अर्थाऐवजी केवळ गोंगाट ऐकू येतो.

उत्तराच्या रूपातील सर्वांत फलदायी सुधारणा मात्र रंगात वा हालचालीत झाली नाही. ती चुकांच्या संदेशात झाली. प्रोग्राम लिहिणाऱ्याची चूक दाखविताना यंत्र एके काळी ओळीचा क्रमांक आणि दोनचार तांत्रिक शब्द फेकून मोकळे होई. २०१५ साली एल्म ह्या भाषेचे कर्ते एव्हन चॅप्लिकी ह्यांनी चुकांचे संदेश माणसांसाठी लिहावयाचे असा निश्चय जाहीर केला. चुकलेली ओळच समोर ठेवावयाची, नेमक्या शब्दाखाली खूण करावयाची, साध्या वाक्यात कारण सांगावयाचे आणि शक्य तर उपायही सुचवावयाचा. २०१६ सालच्या सप्टेंबरात रस्ट ह्या भाषेच्या १.१२ आवृत्तीने त्याच प्रेरणेने आपले संदेश नव्याने मांडले. रंग काढून घेतले तरी हे संदेश कळतात, कारण त्यांची सुधारणा मांडणीची आहे. चांगला शिक्षक वहीवर नुसती फुली मारीत नाही. कोठे आणि का चुकले ते समासात लिहितो. तेच काम येथे यंत्राकडून करून घेतले गेले.

हा सारा इतिहास रोमन लिपीच्या अंगणात घडला. टर्मिनलाच्या जाळीतले प्रत्येक घर एका रोमन अक्षरासाठी आखलेले आहे. सर्व घरे सारखी आणि एका घरात एक अक्षर. भारतीय लिप्या ह्या चौकटीत बसावयास गेल्या की अडचण उभी राहते. ‘पुणे’ हा शब्द घ्यावा. यूटीएफ-८ ह्या १९९२ सालच्या संकेतपद्धतीत तो साठवावयास बारा बाइट लागतात. युनिकोडच्या हिशेबाने त्यात चार चिन्हे आहेत, दोन व्यंजने आणि दोन मात्रा. पडद्यावर मात्र तो दोनच घरे व्यापतो. सी भाषेतील छपाईची जुनी आज्ञा बाइट मोजते. बारा घरांचा स्तंभ आखला तर तिच्या मते हा शब्द तेथे पुरता भरला. प्रत्यक्षात दहा घरे मोकळी सुटावयास हवी होती, ती सुटत नाहीत; पुढचा स्तंभ पुण्याला येऊन चिकटतो आणि सारा तक्ता वाकडा होतो. ‘स्त्री’ ह्या शब्दात एकच अक्षर. युनिकोडची चिन्हे सहा. आणि टर्मिनलाच्या रूढ हिशेबाने घरे चार. बंगाली, तेलुगू, मल्याळम ह्या लिप्यांची व्यथा थोड्याफार फरकाने हीच आहे.

ह्या प्रश्नाला भारतात फार पूर्वी हात घातला गेला होता. १९८०च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांचे टर्मिनल बनविण्याचे काम झाले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर तेथे ते जिस्ट ह्या नावाने वाढले. वैयक्तिक संगणकात बसविता येणारे जिस्ट कार्ड निघाले आणि केवळ रोमन अक्षरांसाठी लिहिलेल्या प्रोग्रामांतूनही देवनागरी, तमिळ, गुजराती अक्षरे पडद्यावर उमटू लागली. त्यामागील इस्की ही संकेतपद्धती भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली मान्य केली. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची मूळ रचना एकच आहे हे ओळखून तिने त्या सर्वांना एकाच सांकेतिक पाटावर बसविले. पुढे जगभर युनिकोड रूढ झाला आणि ही यंत्रसामग्री मागे पडली. परंतु अक्षर हा आपल्या लेखनाचा घटक आहे, ही तिच्यातली दृष्टी कालबाह्य झाली नाही. २०२३ सालच्या सप्टेंबरात युनिकोडच्या १५.१ आवृत्तीने देवनागरीसह सहा भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे अखंड मानावीत असा नियम केला. काही टर्मिनलांनी अक्षर हाच घटक धरून घरे मोजण्यास आरंभ केला आहे; सर्वांनी अद्याप केलेला नाही.

दूरमुद्रकाने काटकसर शिकविली, पाइपने शिस्त आणि काचेने मोकळीक दिली. त्या मोकळिकीत रंग आणि हालचाल आली तेव्हा काहींचे काम सोपे झाले आणि काही जण बाहेर राहिले. रंगांध माणूस, पडदा ऐकणारा अंध प्रोग्रामर आणि आपल्या गावाचे नाव आपल्या लिपीत लिहू पाहणारा भारतीय विद्यार्थी हे ते वाचक होत. त्यांच्यासाठी काय करावे हे आता अज्ञात राहिलेले नाही. अर्थ शब्दांत आणि चिन्हांत ठेवावा, रंग त्याच्या सोबतीस द्यावा, यंत्रासाठीचे उत्तर वेगळे आणि स्थिर असावे, आणि रुंदी बाइटांनी न मोजता अक्षरांनी मोजावी. हे सर्व नियम साधे आहेत. ते पाळले गेले, तर एखाद्या गावातील शाळेच्या संगणकावर विद्यार्थी जेव्हा जिल्ह्यांची यादी मागेल, तेव्हा पुणे आणि सातारा आपापल्या स्तंभात सरळ उभे असतील. आणि यादीत काही चूक निघालीच, तर ती कोठे आहे हे त्याला वाचता येईल.